विद्युत् उपकेंद्र-विस्ताराचे सार्वजनिक कंत्राट

विद्युत् उपकेंद्र-विस्ताराचे सार्वजनिक कंत्राट : शहराला किंवा गावाला वीज पुरविणाऱ्या उपकेंद्राची क्षमता वाढविण्याचे काम शासकीय मंडळाने किंवा शासनाच्या मालकीच्या कंपनीने जाहीर निविदा मागवून कंत्राटदाराकडे सोपविणे, या प्रक्रियेस व तीतून निर्माण होणाऱ्या करारास ही संज्ञा लावतात. सर्वांत कमी रकमेची निविदा स्वीकारणे एवढाच या प्रक्रियेचा अर्थ सामान्यतः समजला जातो. प्रत्यक्षात कंत्राट चांगले की वाईट हे बव्हंशी निविदा उघडण्यापूर्वीच ठरलेले असते. अंदाजपत्रक, पात्रतेच्या अटी, यंत्रसामग्रीचे विनिर्देश आणि मूल्यमापनाची पद्धत यांत जे लिहिले गेले असेल त्याला निविदा मागविणारी संस्था पुढे बांधलेली असते. उपकेंद्र एकदा उभे राहिले की, ते २५ ते ३५ वर्षे वापरात राहते. म्हणून या पूर्वतयारीतील उणिवांची किंमत एका पिढीला मोजावी लागते.

उपकेंद्र व त्याचा विस्तार : उच्च दाबाने आलेली वीज रोहित्राच्या साहाय्याने कमी दाबावर आणून निरनिराळ्या वाहिन्यांत वाटून देणारे केंद्र म्हणजे उपकेंद्र होय. महाराष्ट्रात २२० व १३२ किलोव्होल्ट दाबाच्या उपकेंद्रांतून ३३ किलोव्होल्टच्या वाहिन्या निघतात व त्या ३३/११ किलोव्होल्टच्या लहान उपकेंद्रांना वीज पुरवितात. तेथून ११ किलोव्होल्टच्या वाहिन्या वस्ती, कारखाने व शेतीपंप यांच्याकडे जातात. लातूर तालुक्यातील मुरुड या लातूर-बार्शी रस्त्यावरील बाजारपेठेच्या गावासारख्या ठिकाणी घरे, दुकाने, लहान उद्योग आणि भोवतालच्या शिवारांतील पंप अशा सर्व प्रकारच्या मागण्या एकाच जाळ्यावर येतात. रब्बी हंगामात पंपांचा भार व उन्हाळ्यात पंखे आणि वातानुकूलन यंत्रांचा भार वाढतो.

रोहित्रावर त्याच्या क्षमतेहून अधिक भार सतत पडल्यास त्यातील वेटोळी तापतात व त्यांचे कागदी निरोधन जीर्ण होऊ लागते. मर्यादेपलीकडे तापमान सु. ६° से. वाढले, तर जीर्ण होण्याचा वेग साधारणपणे दुपटीने वाढतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात हवेचेच तापमान ४०° से.च्या वर जात असल्याने हा धोका अधिक असतो. दुसरा निकष असा की, उपकेंद्रातील एक रोहित्र बंद पडले तरी उरलेल्यांनी भार पेलला पाहिजे. हे दोन्ही निकष पाळता येईनासे झाले म्हणजे विस्तार अपरिहार्य ठरतो. जुन्या रोहित्राच्या जागी मोठे रोहित्र बसविणे, जादा रोहित्र बसविणे, नव्या वाहिन्यांसाठी सर्किट ब्रेकरसह स्वतंत्र कक्ष उभारणे, बसबार बदलणे व धारित्रसंच जोडणे ही विस्ताराची नेहमीची अंगे होत.

नवे उपकेंद्र बांधणे व चालू उपकेंद्राचा विस्तार करणे यांत महत्त्वाचा भेद आहे. विस्ताराचे काम विद्युत् भारित प्रांगणात करावे लागते. त्यासाठी पुरवठा टप्प्याटप्प्याने बंद ठेवावा लागतो आणि प्रत्येक वेळी लेखी कार्यानुमती घ्यावी लागते. कोणत्या दिवशी किती तास पुरवठा बंद मिळेल हे निविदेत स्पष्ट नसेल, तर कंत्राटदार विलंबाचे कारण संस्थेकडे व संस्था ते कंत्राटदाराकडे दाखविते. अंधारात मात्र ग्राहक राहतो.

कंत्राट देणाऱ्या संस्था : मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर, १९४८ च्या वीज (पुरवठा) अधिनियमान्वये, २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ अस्तित्वात आले. बीड जिल्ह्यातील परळी येथे १९७१ मध्ये औष्णिक वीजनिर्मिती सुरू झाल्यावर मराठवाड्यातील उच्च दाबाच्या जाळ्याला जवळचा आधार मिळाला. वीज अधिनियम, २००३ नुसार ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन सूत्रधारी कंपनीखेरीज महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या कंपन्या स्थापन झाल्या. अतिउच्च दाबाच्या उपकेंद्रांची कंत्राटे महापारेषण देते. ३३ किलोव्होल्ट व त्याखालील दाबाच्या उपकेंद्रांची कंत्राटे महावितरण देते.

या कंपन्यांचा मान्य भांडवली खर्च महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोगाच्या तपासणीनंतर वीजदरात समाविष्ट होतो. हा आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला. काही कामांना केंद्र शासनाच्या योजनांतून अनुदान मिळते. २०२१ मध्ये मंजूर झालेली सुधारित वितरण क्षेत्र योजना ही त्यांपैकी एक होय. कंत्राटाची रक्कम अशा रीतीने अखेरीस वीजदरातून ग्राहकाकडून किंवा करातून नागरिकाकडून येते. कंत्राटाचे सार्वजनिकत्व यातच आहे.

प्रक्रियेचे टप्पे : प्रथम भाराचा अभ्यास करून प्रस्ताव तयार होतो. त्यास प्रशासकीय मान्यता व नंतर तपशीलवार अंदाजपत्रकास तांत्रिक मंजुरी मिळते. अंदाजपत्रक दरसूचीवर आधारलेले असते. त्यानंतर निविदा सूचना प्रसिद्ध होते. निविदाकारास बयाणा रक्कम भरावी लागते. निविदा दोन लिफाफ्यांत मागविण्याची पद्धत रूढ आहे. पहिल्या लिफाफ्यात अनुभव, आर्थिक कुवत, परवाने व तांत्रिक माहिती असते, तर दुसऱ्यात दर असतात. पहिल्या लिफाफ्याच्या छाननीत पात्र ठरलेल्यांचाच दुसरा लिफाफा उघडला जातो. कागदी लिफाफ्यांची जागा आता संगणकीय ई-निविदेने घेतली आहे. त्यामुळे निविदापत्र मिळू न देणे, पेटीपर्यंत पोहोचू न देणे यांसारखे जुने प्रकार अवघड झाले. अटी कशा लिहाव्यात हा प्रश्न मात्र होता तेथेच राहिला.

स्वीकृतिपत्र दिल्यावर यशस्वी निविदाकार सुरक्षा अनामत किंवा बँक हमी देतो, करार होतो व कार्यादेश निघतो. करारात मुदत, विलंबदंड, चाचण्या, देयकांचे टप्पे, दोषदायित्वाचा कालावधी व तंटे सोडविण्याची रीत नमूद केलेली असते. दीर्घ मुदतीच्या कामांत तांबे, विद्युत् पोलाद व रोहित्र-तेल यांच्या किंमती बदलतात. त्यासाठी किंमत-बदलाचे सूत्र वापरतात. भारतीय विद्युत् व इलेक्ट्रॉनिकी उत्पादकांच्या संघटनेने ठरविलेली सूत्रे व तिचे मूळ दर यांसाठी सर्रास आधारभूत धरले जातात. असे सूत्र नसल्यास निविदाकार भाववाढीची भीती आपल्या दरात मिळवितो किंवा भाव वाढताच काम अर्धवट सोडतो.

दरांची मांडणी : महाराष्ट्रातील बांधकामांच्या निविदांत दोन नमुने फार काळ प्रचारात आहेत. बी-१ नमुन्यात अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी वा जास्त दराने काम करणार एवढेच निविदाकार सांगतो. बी-२ नमुन्यात तो प्रत्येक बाबीचा दर स्वतः भरतो. उपकेंद्रांसाठी यांखेरीज संकल्पनापासून कार्यान्वयनापर्यंत सर्व जबाबदारी एकाच कंत्राटदारावर टाकणारी पूर्णाधिकार पद्धतीही वापरतात.

बाबवार दरांच्या पद्धतीत अंदाजपत्रकातील परिमाणे चुकली, तर ‘सर्वांत कमी’ ही संज्ञाच फसवी ठरते. उदाहरणार्थ, पायासाठी ९०० घ. मी. मुरूम व १०० घ. मी. कठीण खडक खोदावा लागेल असे अंदाजपत्रकात धरले आहे, अशी कल्पना करू. पहिल्या निविदाकाराने मुरुमासाठी घ. मी. ला २०० रु. व खडकासाठी ३,००० रु. दर भरला, त्याची एकूण रक्कम ४,८०,००० रु. होते. दुसऱ्याने अनुक्रमे ४५० व ९०० रु. दर भरला, त्याची रक्कम ४,९५,००० रु. होते. काम पहिल्याला मिळते. प्रत्यक्षात मुरूम ६०० व खडक ४०० घ. मी. निघाल्यास पहिल्याचे देयक १३,२०,००० रु. होईल, दुसऱ्याचे ६,३०,००० रु. झाले असते. अशा निविदेस असमतोल दरांची निविदा म्हणतात. लातूर परिसरात काळी चिकण माती, तिच्याखाली मुरूम व त्याखाली बेसाल्ट खडक असा क्रम आढळतो व थरांची जाडी थोड्या अंतरावर बदलते. म्हणून निविदेपूर्वी चाचणी-खड्डे घेण्यात वाचविलेला खर्च पुढे अनेकपटींनी भरावा लागतो.

किंमत व आयुष्यभराचा खर्च : उपकेंद्र-विस्तारात रोहित्र हा सर्वांत खर्चिक घटक असतो. रोहित्रात दोन प्रकारे वीज वाया जाते. गाभ्यातील व्यय भार असो वा नसो अहोरात्र चालू राहतो. वेटोळ्यांतील व्यय भाराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. केवळ खरेदी किंमत पाहिली, तर जादा व्यय असलेले रोहित्र स्वस्त दिसते. यावर उपाय म्हणून व्ययाचे भांडवली मूल्य काढून ते निविदेच्या किंमतीत मिळवितात व मगच तुलना करतात.

पुढील कल्पित आकड्यांवरून ही रीत स्पष्ट होईल. १ किलोवॉट व्यय वर्षभर चालू राहिल्यास ८,७६० युनिटे वाया जातात. युनिटास ५ रु. धरल्यास वार्षिक हानी ४३,८०० रु. होते. २५ वर्षांचे आयुष्य व १० टक्के व्याजदर धरून तिचे आजचे मूल्य सु. ३.९८ लाख रु. येते. आता दोन रोहित्रांपैकी एकाची किंमत ८० लाख रु. व गाभ्याचा व्यय ६ किलोवॉट आहे. दुसऱ्याची किंमत ७६ लाख रु. व गाभ्याचा व्यय ९ किलोवॉट आहे. जादा ३ किलोवॉटचे भांडवली मूल्य सु. ११.९ लाख रु. भरते. म्हणजे ४ लाख रु. स्वस्त वाटणारे रोहित्र वस्तुतः सु. ७.९ लाख रु. महाग पडते, वेटोळ्यांतील व्यय यात अजून धरलेलाच नाही. ही पद्धत निविदा सूचनेत आधी जाहीर केलेली नसेल, तर महाग किंमतीचे पण काटकसरी रोहित्र घेणे संस्थेला शक्य होत नाही. तसे केल्यास ते पक्षपाताचे ठरते. त्याचप्रमाणे, कबूल केलेला व्यय चाचणीत अधिक आढळल्यास दंड वा अस्वीकृती यांची तरतूद नसेल, तर निविदाकाराने भरलेला आकडा कागदावरच राहतो.

स्थानिक परिस्थिती व विनिर्देश : ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो लोक मृत्युमुखी पडले. तोपर्यंत हा प्रदेश भूकंपदृष्ट्या सर्वांत कमी धोक्याच्या विभागात मोडत असे. भारतीय मानक १८९३ च्या २००२ मधील सुधारणेत किल्लारी परिसराचा समावेश तिसऱ्या विभागात करण्यात आला. चाकांवर नुसते उभे ठेवलेले रोहित्र भूकंपात सरकते आणि त्याला जोडलेले चिनी मातीचे निरोधक फुटतात. म्हणून रोहित्र पायाशी जखडणे व जोडण्या लवचिक ठेवणे या बाबी विनिर्देशात असाव्या लागतात. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे पाया तिच्याखालील स्थिर थरापर्यंत न्यावा लागतो. माती वाळल्यावर भूसंपर्काचा रोधही वाढतो. त्यामुळे तो रोध कोरड्या ऋतूत मोजून घेणे इष्ट ठरते. दुसऱ्या प्रदेशातील निविदापत्र जसेच्या तसे उतरवून घेतल्यास या गोष्टी सुटतात व नंतर ‘जादा बाब’ म्हणून वाढीव दराने कराव्या लागतात.

पात्रता, स्पर्धा व संगनमत : पात्रतेच्या अटी फार सैल ठेवल्या, तर भारित प्रांगणात काम करण्याचा अनुभव नसलेला निविदाकार कमी दर भरून काम मिळवितो. त्या फार कडक ठेवल्या, तर दोन-तीन मोठ्या कंपन्यांखेरीज कोणीच उरत नाही. विशिष्ट उत्पादकाच्याच यंत्राला लागू पडतील असे विनिर्देश लिहिणे हा पक्षपाताचा सर्वांत सुप्त प्रकार होय. कारण त्यानंतरची सर्व प्रक्रिया निर्दोष दिसते. उलट बाजूने निविदाकारही आपसांत ठरवून दर भरतात व कामे वाटून घेतात. स्पर्धा अधिनियम, २००२ अन्वये असे संगनमत निषिद्ध आहे. अंदाजपत्रकापेक्षा फार कमी दराची निविदा हीदेखील चिंतेची बाब मानतात. अशा वेळी दरांचे पृथक्करण मागविणे व अतिरिक्त अनामत घेणे हे उपाय योजतात. निविदा उघडल्यावर वाटाघाटी करण्याची प्रथा गैरप्रकारांना वाव देते. केंद्रीय दक्षता आयोगाने २००७ मध्ये त्या सामान्यतः टाळाव्यात व अपवाद म्हणून केल्यास फक्त सर्वांत कमी दराच्या निविदाकाराशी कराव्यात, असे सुचविले.

न्यायालयीन भूमिका : संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदातील समतेचे तत्त्व शासनाच्या कंत्राटांनाही लागू होते. याविषयीचा पायाभूत निर्णय मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या कंत्राटातून निर्माण झाला. रमणा दयाराम शेट्टी विरुद्ध भारतीय आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण (१९७९) या खटल्यात निविदा सूचनेत नोंदणीकृत द्वितीय श्रेणीचा हॉटेलचालक व किमान ५ वर्षांचा अनुभव अशी अट होती. ती पूर्ण न करणाऱ्यास काम देण्यात आले होते. शासकीय संस्थेने स्वतः घालून दिलेला निकष तिच्यावर बंधनकारक असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. अट शिथिल होणार हे जाहीर झाले असते, तर इतरांनीही निविदा भरल्या असत्या, हा त्यामागील विचार होय. मात्र अर्जदाराने केलेला विलंब व दरम्यान झालेला खर्च यांमुळे ते कंत्राट रद्द करण्यात आले नाही. टाटा सेल्युलर विरुद्ध भारत सरकार (१९९४) या खटल्यात न्यायालये निर्णयाची नव्हे, तर निर्णयप्रक्रियेची तपासणी करतात, हे सूत्र स्पष्ट झाले. कोणते रोहित्र उत्तम हे न्यायालय ठरवीत नाही. ते ठरविण्याची रीत न्याय्य होती की नाही एवढेच ते पाहते. विशिष्ट अनुतोष अधिनियमात २०१८ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार वीजपारेषण व वितरण यांसह पायाभूत सुविधांच्या कामांस विलंब होईल असा मनाई हुकूम त्या अधिनियमाखाली देता येत नाही. काम थांबल्याने होणारी लोकांची हानी येथे विचारात घेतली आहे.

महाराष्ट्रातील अनुभव : स्पर्धेविना दिलेल्या मोठ्या कंत्राटाचे ठळक उदाहरण दाभोळ वीजप्रकल्पाचे आहे. जून १९९२ मध्ये एन्रॉन कंपनीशी थेट सामंजस्य होऊन पुढे विद्युत् मंडळाने वीजखरेदीचा करार केला. दर व अटी यांवरून तो १९९५ मध्ये रद्द झाला, नंतर नव्या अटींवर पुन्हा झाला आणि २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबविले. तुलनेसाठी दुसरी निविदाच नसल्याने दर वाजवी होता की नाही, हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

याउलट, निर्णय लांबल्याचा धोका मुंबईत दिसून आला. शहरात बाहेरून वीज आणण्याची क्षमता मागणीच्या मानाने अपुरी पडत होती. विक्रोळी येथील ४०० किलोव्होल्टच्या उपकेंद्राची योजना अनेक वर्षे रेंगाळल्यानंतर २०१९ मध्ये स्पर्धात्मक बोलीने ते काम सोपविण्यात आले. या पद्धतीत बोलीदार बांधकामाची किंमत न सांगता दीर्घ मुदतीसाठी वार्षिक पारेषण आकार सांगतो. काम पूर्ण होण्याआधीच, १२ ऑक्टोबर २०२० रोजी, कळवा-पडघा भागातील ४०० किलोव्होल्ट वाहिन्यांवरील बिघाडांमुळे मुंबई व परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला. उपनगरी रेल्वेगाड्या थांबल्या. १,५०० एमव्हीए क्षमतेचे विक्रोळी उपकेंद्र ऑक्टोबर २०२३ मध्ये कार्यान्वित झाले.

आरे-कुडूस या १,००० मेगावॉट क्षमतेच्या उच्च दाब एकदिश वाहिनीचे काम मात्र बोली न मागविता नियामक आयोगाच्या परवान्याने देण्यात आले. त्यास आव्हान मिळाले असता, वीज अधिनियमाचे ६२ वे व ६३ वे कलम हे दर ठरविण्याचे दोन पर्यायी मार्ग असून स्पर्धात्मक बोली हा एकमेव मार्ग नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिला. त्याच वेळी दरनिश्चितीसाठी मार्गदर्शक विनियम करण्याचे निर्देश त्याने राज्य आयोगांना दिले. मार्ग कोणताही असो, तो कोणत्या निकषांवर निवडला जाईल हे आधी ठरलेले असावे, हा या निर्देशाचा आशय आहे.

महत्त्व : मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली (२०१७, दुसरा टप्पा २०२३) ग्रामीण उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प जोडण्यात येऊ लागल्याने लहान उपकेंद्रांच्या विस्ताराची कामे वाढली आहेत. एरवी वीज बाहेर देणाऱ्या या उपकेंद्रांना दिवसा वीज आत घ्यावी लागते. त्यानुसार संरक्षण-यंत्रणा व मापन यांचे विनिर्देश बदलावे लागतात. महानगरातील उपकेंद्राच्या कंत्राटाकडे वृत्तपत्रे, प्रतिस्पर्धी कंपन्या व न्यायालये यांचे लक्ष असते. मुरुडसारख्या गावातील काही कोटींच्या कामाकडे तसे लक्ष क्वचितच जाते. तेथे अंदाजपत्रक काळजीपूर्वक करणारा अभियंता, अटी सर्वांना सारख्या लावणारी छाननी समिती आणि माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ वापरून निविदापत्रे पाहणारा नागरिक यांच्यावरच प्रक्रियेची शुद्धता अवलंबून राहते. ऐन हंगामात रोहित्र जळून पिकांचे पाणी तुटते, तेव्हा त्याचे मूळ पुष्कळदा काही वर्षांपूर्वी लिहिल्या गेलेल्या एखाद्या अटीत किंवा न लिहिल्या गेलेल्या अटीत सापडते.